दोन स्पीकर आणि एक भांडण घेऊन सोलापूरला

सोलापूरला जायचं ठरलं ते भांडायला. देवदर्शन नव्हतं, लग्नकार्य नव्हतं, चादरी घ्यायच्या नव्हत्या. साखर पेठेतल्या राजेशमअण्णांच्या घरी जाऊन आमच्या ह्यांना त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं, की तुम्ही मला स्पीकरमध्ये मेलेले ट्वीटर बसवून दिलेत, तुम्ही मला फसवलंत. माझं बरोबर जायचं कारण वेगळं होतं. ट्वीटर मेलेले नाहीत, हे मला माहीत होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यातली. शेंगा चटणीच्या पोस्टखाली दोघीतिघींनी विचारलं होतं, "काकू, तुम्ही सोलापूर पहिल्यांदा कधी पाहिलंत?" तेव्हा टाळलं. आता हे नाहीत, अण्णाही नाहीत, तर सांगून टाकते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही तेव्हा सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. हे पॉवर हाउसला इंजिनिअर. दिवसभर टर्बाइनच्या घरघराटात उभं राहायचं, आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन रेकॉर्ड लावायची, हा नेम. गळा नव्हता, पण कान होता. तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं, असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. कॉलनीत कुणी नवा रेडिओ आणला की आधी ह्यांना बोलावणं यायचं. हे डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल अख्खी कॉलनी मानायची.

ह्यांचा अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, मुंबईहून सुटे भाग मागवून स्वतः जोडलेला. टर्नटेबल एका पारशी गृहस्थाकडून घेतलेलं. आणि स्पीकर राजेशमअण्णांचे. अण्णा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, घरचे चार यंत्रमाग, पण जीव सगळा आवाजात. जुन्या सागवानाच्या पेट्या करायचे, आत मागावरचा उरलासुरला कापूस दाबून भरायचे. पेटीत दोन तोंडं. मोठं तोंड खालचा घुमारा काढतं. छोटं, लिंबाएवढं, ते बारीक आवाज काढतं. टाळ, घुंगरू, तंबोऱ्याची झणझण, सगळं त्या छोट्यातून. त्याला ट्वीटर म्हणायचं. स्पीकर घरी आले त्या दिवशी ह्यांनी मला समोर बसवून भजनाची रेकॉर्ड ऐकवली होती. टाळ असे वाजले की मी मागं वळून पाहिलं, दारात कोण आलंय म्हणून!

मग दोनेक वर्षांनी ह्यांची कुरकुर सुरू झाली. "टाळात जीव नाही. तंबोरा नुसता गुरगुरतोय." सुई बदलली, वायरी बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, बटण दर महिन्याला थोडं पुढं, थोडं पुढं, करत करत टोकाला जाऊन बसलं. माझ्या कानात सुया टोचायच्या. रेकॉर्ड लागली की मी डोकं धरून मागच्या अंगणात जायची, आणि हे आतून म्हणायचे, "बघ, तुलासुद्धा ऐकवत नाही, इतका मेलाय आवाज."

पण मला खरी धास्ती वेगळीच होती. आमची मंजू तेव्हा पाच वर्षांची. आवाज बारीक, चिमणीसारखा. ती काही सांगायला गेली की हे खेकसायचे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल!" ती पुन्हा बोलायची, तसंच. "शब्द गिळू नकोस!" हे आणखी चिडायचे. दोनदा तर पाठीवर फटका मारला. दिवाळीपर्यंत पोरीनं बापाशी बोलणंच सोडलं. हे घरात आले की ती माझ्या पदराआड. काही हवं असलं तर माझ्या कानात सांगायची आणि मी ह्यांना सांगायची. ह्यांचा समज असा की पोरगी हट्टी आहे आणि मी तिला लाडावून ठेवलीय.

मी एकदा ह्यांच्या पाठीमागं उभी राहून हातातल्या बांगड्या वाजवून पाहिल्या. हे पेपर वाचत होते. मान हलली नाही. रातकिड्यांचं विचारलं, तर म्हणाले, "थंडीत कुठले रातकिडे?" बाहेर नुसता कालवा चालला होता! तेव्हा धीर करून म्हटलं, "एकदा मिरजेला कान दाखवून येऊ या का?" असे भडकले की विचारू नका. "माझे कान? अगं, ह्या कानांवर अख्खी कॉलनी रेडिओ घेते! तुला काय कळतंय आवाजातलं?" दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. त्यानंतर दोनदा विषय काढला, दोन्हीदा तेच.

इकडं अण्णांना ह्यांची तिखट पत्रं चालली होती. शेवटी अण्णांचं साधं पोस्टकार्ड आलं, की साहेब, पेट्या घेऊन या, चादरीआड बसवून बघू.

मंजूला जाऊबाईंकडे ठेवलं. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि ह्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी पाहिलं ते. गाडीचं दार जोरात लावलं.

आमची फियाट सेकंड हँड, चढावर दमणारी. मागच्या सीटवर दोन्ही स्पीकर गोधड्यांत गुंडाळून, दोरीनं आवळून बसवले. रस्ता मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर. आता तुम्ही हायवेनं तीन-चार तासांत जाल, वाटेत एसी हॉटेलं लागतील. तेव्हा एकेरी डांबरी पट्टी, समोरून ट्रक आला की दोन चाकं मातीत उतरवायची. प्रत्येक गचक्याला ह्यांचं लक्ष मागं. सांगोल्याला चहा आणि शिळी भजी मिळाली. पेट्रोल तिथंच भरून घेतलं, पुढं भरवसा नव्हता. मंगळवेढ्याच्या अलीकडं दोन्ही बाजूंना ज्वारी अशी उभी, की रस्ता बोळासारखा वाटायचा. एका शेतकऱ्यानं शेताच्या कडेला आगटी पेटवून हुरडा भाजायला घेतला होता. पैसे विचारले तर म्हणाला, "हुरड्याचं पैसं घेत्यात व्हय? खावा की!" जानेवारीत त्या बाजूला गेलात तर हुरडा चुकवू नका. मी खाल्ला खरा, पण चव लागली नाही. लक्ष सगळं उद्याच्या भांडणाकडं होतं.

मंगळवेढा सोडलं आणि पुढच्या एका वस्तीपाशी ते झालं. डावीकडच्या पायवाटेनं एक सायकलवाला उतारावरून येत होता, कॅरियरवर कडब्याची पेंढी, म्हणून ब्रेक लागत नव्हता. तो लांबून घंटी वाजवत होता, एकसारखी. ज्वारीमुळं तो दिसत नव्हता, पण मला घंटी स्पष्ट ऐकू येत होती. मला वाटलं, हे थांबतील. ह्यांनी वेग कमी केला नाही. "अहो, सायकल!" मी ओरडले. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, मागचा स्पीकर माझ्या सीटवर आदळला आणि सायकलवाला बॉनेटपासून हातभर अंतरावर कडब्यासकट खाली पडला.

देवाची कृपा, त्याला खरचटलं तेवढंच. उठला आणि तावातावानं काचेपाशी आला. "घंटी ऐकू येत न्हाय व्हय तुमास्नी? कवाधरनं वाजवतुय!"

"कुठली घंटी?" हे म्हणाले. "घंटी वाजवलीच नाहीस तू!"

"आवो बाई, तुमी सांगा, वाजवली का न्हाई?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "वाजवत होता." ह्यांनी उतरून त्याचा कडबा उचलून दिला, आणि आधी माझी चौकशी करायची सोडून मागच्या गोधड्या सोडून स्पीकरला हात लावून पाहिला. मला असा संताप आला की तिथंच उतरून एसटीनं परत जावं. पण मग मंजूचं काय? बसून राहिले.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उतरणीला लागलेली. पाळण्याचे भोंगे, चिवड्याच्या दुकानांचे भोंगे, सगळे एकमेकांवर ओरडत होते. हे नाक मुरडून म्हणाले, "आवाजाची ही विटंबना!" स्टेशनजवळच्या लॉजमध्ये स्वच्छ खोली पंधरा रुपयांत मिळाली. पलीकडच्या खाणावळीत कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि वांग्याची भाजी. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि उठले. खोलीत बसून उद्या काय बोलायचं ते मनातल्या मनात घोळवत होते, ओठ हलताना दिसत होते. मी एकदा म्हटलं, "अण्णांचं चुकलं नसेल तर?" म्हणाले, "उद्या कळेलच. चादर खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या भोंग्यानं जाग आली. साखर पेठेत शिरलो. मागांना सुट्टी होती, तरी एखाद्या घरातून खटखटाट यायचाच. रस्त्यातच सूत वाळत घातलेलं, त्यामुळं गाडी चौकात ठेवावी लागली. स्पीकर उचलायला दोघं तरुण धावले. "काय करूलालाव साहेब, ठेवा खाली, आमी घेतो की!"

राजेशमअण्णा दारातच उभे होते. बुटके, सावळे, अंगात बंडी. ह्यांचा चेहरा पाहून त्यांनी हात जोडले फक्त. आतून त्यांच्या बायकोनं मला हाताला धरून नेलं. "कूर्चोंडि अम्मा, कूर्चोंडि," म्हणत पाट दिला आणि मग मराठीत, "बसा की, पाणी पिवा. लई उन्हाचं आलाव." ऊन कुठलं, थंडी होती. पण त्या माउलीला काहीतरी बोलायचं होतं.

चादरीआड बसणं म्हणजे काय ते इथं सांगते. मागाच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधून त्यावर जाड सोलापुरी चादरी सोडलेल्या. पलीकडं स्पीकर आणि अण्णा. अलीकडं ऐकणारे, सतरंजीवर, डोळे मिटून. कुठला स्पीकर, कुणी केला, कितीला पडला, काही दिसायचं नाही. अण्णा आत काहीतरी बदल करणार, आणि आवाजात फरक वाटला की तोंडानं बोलायचं नाही, हात वर करायचा. मागाच्या खोलीत खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर सगळं हातानंच बोलतात, त्यातनं ही रीत निघालेली. त्या दिवशी ऐकायला अण्णांचे नेहमीचे तिघं आले होते. एक शाळामास्तर, एक मिलमधले जॉबर, म्हणजे मुकादम, आणि एक म्हातारे घड्याळजी. पाहुणा म्हणून ह्यांना सगळ्यांच्या पुढं, मधोमध बसवलं. आम्ही दोघी बायका मागं दारापाशी.

ह्यांनी बसण्याआधीच तोंड सोडलं. "मंडळी, मी सरळ माणूस आहे. ह्या पेट्यांतले ट्वीटर मेलेले आहेत आणि अण्णा ते कबूल करत नाहीत. आज तुमच्यासमोर सोक्षमोक्ष होऊ द्या." तिघं खाली मान घालून बसले. अण्णांच्या बायकोनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अण्णा चादरीआडून म्हणाले, "साहेब, तुमचीच पेटी लावतो. रेकॉर्ड चालू असताना मधीच मी ट्वीटरची वायर काढणार. बारीक आवाज जवा जाईल तवा हात वर करा. ट्वीटर जित्ता आसंल तर कळंल, मेला आसंल तर फरकच पडायचा न्हाई."

भजनाची रेकॉर्ड लागली. पखवाज, मग टाळ. त्या बंद खोलीत टाळ इतके लख्ख वाजत होते की माझ्या अंगावर काटा आला. हे मान हलवत होते, नाराजीनं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी मात्र ह्यांच्या पाठीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, आज तरी ऐकू येऊ दे. एकदाच!

आणि टाळ गेले. म्हणजे वाजत होते, पण लाकडावर लाकूड आपटावं तसे. झणकार गेला. मास्तरांचा हात वर. जॉबरचा वर. घड्याळजींचा तर सगळ्यांच्या आधी वर. अण्णांच्या बायकोनंही सवयीनं हात वर केला. हे तसेच, मांडीवर हात, मान नाराजीनं हलतेय. अण्णांनी चादरीच्या फटीतून डोकावून पाहिलं. मी पाहिलं त्यांच्याकडं. त्यांनी वायर पुन्हा लावली, टाळ परत आले. पुन्हा काढली. पुन्हा तिन्ही हात वर. हे दगडासारखे.

रेकॉर्ड थांबली, हात खाली आले, ह्यांनी डोळे उघडले आणि टाळी वाजवली. "बघा! अण्णा, तुम्ही वायर काढलीत, लावलीत, काय केलंत ते तुम्हाला ठाऊक. मला तर तसूभरही फरक पडला नाही. मुळात मेलेलाच, तो जाणार कुठं? झालं ना सिद्ध?"

घड्याळजी म्हणाले, "लेकिन साब, हमना तो..." अण्णा चादर बाजूला सारून पुढं आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं. मग ह्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं खरं हाय. मेलाच आसंल. माझं चुकलं. नवीन ट्वीटर बसवून देतो, पैसं नको."

हे विजयानं माझ्याकडं वळून पाहायला लागले. मला त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू पाहवेना. एक भला माणूस आपल्याच घरात, आपल्याच माणसांसमोर, खोटं स्वतःच्या अंगावर घेत होता. आणि आम्ही नवे ट्वीटर घेऊन घरी जाणार, ते पण 'मेलेले' निघणार, आणि माझी पोर पदराआडच राहणार. उठलेच मी.

"अण्णा, परत लावा. तीच रेकॉर्ड, तीच पेटी."

"आता कशाला?" हे म्हणाले. "कबूल केलंय त्यांनी."

"परत लावा. आणि ह्या वेळी तुम्ही डोळे उघडे ठेवायचे. चादरीकडं पाठ करून बसा. आमच्याकडं तोंड करून."

"चारचौघांत काय चालवलंयस तू हे?" ह्यांचा आवाज चढला.

"बसा म्हणते ना!" आयुष्यात ह्यांच्यावर मी तशी पहिल्यांदाच ओरडले. अण्णा मला हातानं 'नको, नको' करत होते. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला माझ्या लेकीची शपथ." ते चादरीमागं गेले.

हे फिरून बसले. आमच्याकडं तोंड. बाकी सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. पखवाज. टाळ. बराच वेळ तसंच. आणि मग झणकार गेला. मी हात वर केला. डोळे उघडले तर ह्यांच्यासमोर पाच हात वर होते, सगळे एकाच क्षणी गेलेले. ह्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसता प्रश्न होता. हात खाली आले, झणकार परत आला होता. पुन्हा गेला, पुन्हा पाच हात वर.

"मिळालेले आहात सगळे!" हे ओरडले. "सोलापूरकर एक होऊन..." आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातावर आली. मी हात खाली घेतला नाही. कसा घेणार? माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात तसाच ठेवला.

अण्णा बाहेर आले, ह्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. "साहेब, एक सांगू? मला बी ऐकू येत न्हाई वरचं, बारीक. धा-बारा वर्सं झाली. मागावर लहानपणापासनं हाय, कान ऱ्हातील कसं? आमच्या बाचं बी असंच झालं. म्हणून तर ही मंडळी बसवतो. पेटी मी करतो, कान ह्यांचं." मग हसले. "तुमची पेटी बी ह्यांच्याच हातांवर जुळवलेली. मी ट्वीटर कधी ऐकलाच न्हाई."

हे उठले. चपला पायात न घालता सरळ बाहेर रस्त्यावर गेले आणि गाडीत जाऊन बसले. मी चपला हातात घेऊन मागं धावले. स्पीकर त्या दोघा तरुणांनी आणून बांधले. अण्णांच्या बायकोनं शेंगा चटणीची पुडी माझ्या हातात कोंबली. अण्णा खिडकीपाशी आले. "अक्का, तुमी केलं ते बरं केलं. पण साहेब आता हितं यायचे न्हाईत." ह्यांनी गाडी सुरू केली.

परतीचा रस्ता तोच, पण इतका लांब मला कधी वाटला नाही. "लोकांत माझी अब्रू घालवलीस," एवढं एकच वाक्य भीमेच्या पुलावर. मी म्हटलं, "घरात तीनदा सांगितलं होतं." एक पाहिलं मी. गाडी अगदी हळू चालवत होते. प्रत्येक पायवाट आली की मान वळवून दोन्ही बाजूंना बघायचे. ती वस्ती आली तेव्हा थांबलेच.

"तो माणूस घंटी वाजवत होता?"

"लांबून."

"मेला असता की गं." स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी पाठीवर हात ठेवला. झटकला नाही.

घरी आल्यावर स्पीकर गाडीतच. दोन दिवसांनी कुणाला न सांगता एकटेच मिरजेला जाऊन आले. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की टर्बाइननं वरचं खाल्लं, ते परत यायचं नाही. टर्बाइन सोडलंत तर उरलेलं टिकेल. ह्यांनी स्टोअरला बदली मागितली. तिथं बढती नव्हती आणि कामात रामही नव्हता, पण मागितली. उरलेलं शेवटपर्यंत टिकलं.

सोलापूरला मात्र हे पुन्हा कधी गेले नाहीत. अण्णांना एक पत्र लिहा म्हणून मी किती वर्षं मागं लागले. "लिहितो" म्हणायचे. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा दिवसभर जेवले नाहीत. चारचौघांत मी हात वर केला ते ह्यांनी मनापासून माफ केलं असं मला वाटत नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही. तुमच्यापैकी कुणी विचाराल, काकू, एकांतात नसतं का सांगता आलं? एकांतात सांगितलं होतं, बाई. एकांतात माणूस ऐकत नाही.

सोलापूरला जाणार असाल तर जरूर जा, थंडीत जा. साखर पेठेत आता माग कमी झालेत म्हणतात.

पण मिरजेहून आले त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. उंबऱ्यावरून उठले आणि मंजूला हाक मारली. ती माझ्या मागं, पदर घट्ट धरून. हे पुढं आले आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "मंजू, बाबांचे कान बिघडलेत. डॉक्टरांनी सांगितलं. तू पुटपुटत नव्हतीस. मलाच ऐकू येत नव्हतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"तुला काय काय सांगायचं राहिलंय ते आता मोठ्यांदा सांग. इथं, कानात."

तिनं पदर सोडला, पुढं गेली, ह्यांचा कान दोन्ही हातांनी धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा, तुम्ही मला उगीच मारलंत!"

शेजारच्या ब्लॉकमधली माणसं दारात आली. हे तसेच बसलेले, कान तिच्या हातात.

"ऐकू आलं," म्हणाले. "आणखी सांग."